न विचारता सापडेल असं पुस्तक: एलजीबीटीक्यू वाचक आणि आपलं गावातलं वाचनालय

गेली दोनतीन वर्षं अमेरिकेतल्या लायब्ररींमधून पुस्तकं काढायला लावायच्या बातम्या सारख्या कानावर येतायत. तिथल्या ग्रंथपालांची मोठी संघटना आहे, अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, तिने एकट्या २०२३ सालात ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर हरकती आल्याची नोंद केली, आणि त्यातली ४७ टक्के पुस्तकं ही एलजीबीटीक्यू लोकांबद्दलची किंवा काळ्या, मूलनिवासी वगैरे समाजांबद्दलची होती. आमच्या वाचनालयाच्या मीटिंगनंतर चहा पिताना हा विषय निघाला तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बरंय, आपल्याकडे असलं काही होत नाही." तेव्हा मी गप्प बसले, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. आपल्याकडे पुस्तक काढायची वेळ येत नाही कारण ते बहुतेक ठिकाणी घेतलेलंच नसतं. काढायला आधी कपाटात असावं लागतं ना.

मी अकरा वर्षं एका तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरला बसते. त्यामुळे हा लेख काउंटरच्या या बाजूने लिहिलेला आहे. लायब्ररीने या विषयात काय करायचं, का करायचं, आणि लोक काय काय विचारतील, हे जमेल तेवढं सोपं करून सांगते.

आधी शब्द, एकदाच

एलजीबीटीक्यू म्हणजे लेस्बियन (बाईवर प्रेम करणारी बाई), गे (पुरुषावर प्रेम करणारा पुरुष), बायसेक्शुअल (दोघांबद्दलही ओढ वाटू शकणारी व्यक्ती), ट्रान्सजेंडर (जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी म्हणून जे लिहिलं गेलं ते आपलं नाही असं ज्यांना आतून ठाम माहिती असतं ते), आणि क्वीअर, म्हणजे या सगळ्यांना मिळून वापरायचा शब्द. यापुढे मी क्वीअर एवढंच लिहीन. आपले तृतीयपंथी, हिजडा समाजातले लोक यात आलेच, पण सगळे ट्रान्स लोक त्या समाजात राहतात असं नाही, कुणी बँकेत असतं, कुणी एमपीएससीचा अभ्यास करत असतं.

हा आजार नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी असणं आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये, आणि आपल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये जाहीरपणे तेच सांगितलं. एवढं पक्कं धरून पुढे जाऊ.

पण यात लायब्ररी कुठून आली?

एस. आर. रंगनाथन हे नाव ग्रंथालयाचा कोर्स केलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, आणि तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेत आम्ही हे घडाघडा लिहिलंय. प्रत्येक वाचकाला म्हणजे कुणाकुणाला हे मात्र आम्हाला वर्गात कुणी विचारलं नाही.

बाकी कुठल्याही समाजातलं मूल घ्या. त्याच्या जातीचा, धर्माचा, भाषेचा त्रास त्याला बाहेर होत असेल तर घरी आईबाप त्याच समाजातले असतात, ते सांगतात की बाळा असं असतं, आम्हीही यातून गेलोय. क्वीअर मुलाचं तसं होत नाही. ते बहुतेक वेळा अशाच घरात जन्माला येतं जिथे त्याच्यासारखं दुसरं कुणी नसतं, किंवा असलं तरी बोललेलं नसतं. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल त्याला सगळ्यात जास्त विचारायचंय तीच घरात विचारता येत नाही, शाळेत तर नाहीच नाही. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्स मुलांना शाळेत कसं सामावून घ्यायचं यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, ती हरकती आल्यावर वेबसाइटवरून काढून घेतली गेली. मग राहतं काय? मोबाइल, ज्यावर खरंखोटं, घाणेरडं, घाबरवणारं सगळं एकाच ढिगात येतं. आणि लायब्ररी.

आता मेडिकलच्या दुकानाची आठवण काढा. काउंटरला चार पुरुष उभे असताना सॅनिटरी पॅड मागायचं म्हणजे काय असतं हे आपल्या पिढीतल्या प्रत्येक बाईला माहितीये. दुकानदार वाईट नसतो, तो पॅड देतो, पण पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो, आणि त्या काळ्या पिशवीतूनच मुलीला कळतं की ही लपवायची गोष्ट आहे. पुढे मोठी दुकानं आली जिथे आपणच रॅकवरून उचलायचं आणि बिस्किटं-साबणाबरोबर बिल करायचं, तेव्हा किती बरं वाटलं होतं.

आपल्या बऱ्याच वाचनालयांत अजून पहिला प्रकार आहे. कपाटं काउंटरच्या मागे, वाचकाने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं किंवा मोठ्याने सांगायचं, मग आम्ही पुस्तक काढून आणणार. आणि "तसल्या" विषयांची पुस्तकं असलीच तर कुलपाच्या कपाटात, ग्रंथपालांकडे चावी. म्हणजे ज्याला विचारायचीच चोरी आहे त्याला आपण म्हणतोय की विचारल्याशिवाय मिळणार नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, शेजारी ओळखीचे काका पेपर वाचत बसलेत, तो कसा विचारेल? तो दिवाळी अंक घेऊन घरी जातो.

म्हणून माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाची पहिली पायरी एकच आहे. त्या वाचकाला ते पुस्तक न विचारता सापडलं पाहिजे.

पुस्तकाचा पत्ता चुकला की काय होतं

पुस्तकाच्या पाठीवर एक नंबर असतो तो म्हणजे त्याचा पत्ता. मोठ्या लायब्ररीत हा पत्ता बहुधा द्युई दशांश पद्धतीने देतात, म्हणजे सगळ्या ज्ञानाचे दहा मोठे वाडे, त्यात खोल्या, खोल्यांत कोनाडे. कोणतं पुस्तक कुणाच्या शेजारी बसणार हे त्यावरून ठरतं, आणि शेजारावरून माणसाची ओळख ठरवायची सवय आपल्याला आहेच.

द्युईमध्ये समलैंगिकतेला पहिल्यांदा जागा मिळाली १९३२च्या आवृत्तीत, आणि ती कुठे, तर मनाच्या विकारांच्या शेजारी. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची वेगळी पद्धत आहे, तिथेही ही पुस्तकं विकृत लैंगिक संबंध आणि लैंगिक गुन्हे अशा मथळ्याखाली लागायची. बार्बरा गिटिंग्ज नावाची एक मुलगी कॉलेजात असताना स्वतःबद्दल काहीतरी कळावं म्हणून लायब्ररीत शोधत राहिली आणि तिला मिळालं ते बरंचसं डॉक्टरी भाषेतलं, रोगाबद्दल लिहिल्यासारखं. अभ्यास बाजूला राहिला, कॉलेज सुटलं. हीच बाई पुढे ग्रंथपाल नसतानाही ग्रंथपालांच्या संघटनेत कामाला लागली. १९७० मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आत गे लोकांसाठी एक गट सुरू झाला होता, कुठल्याही व्यावसायिक संघटनेतला हा अशा प्रकारचा पहिला गट, आणि पुढच्या वर्षापासून ती त्याची प्रमुख होती. १९७१च्या डॅलसच्या अधिवेशनात त्यांनी चक्क मिठी मारायचा स्टॉल लावला, या, समलिंगी माणसाला मिठी मारा म्हणून. फारसं कुणी पुढे आलं नाही, तेव्हा टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्यांनी एकमेकांनाच मिठ्या मारल्या. त्याच वर्षापासून ते चांगल्या पुस्तकांना बक्षीसही द्यायला लागले, ते आजही दिलं जातं.

मला यात मिठ्यांपेक्षा पुढची गोष्ट जास्त मोठी वाटते. १९७२ मध्ये या गटाच्या पाठपुराव्यामुळे लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती पुस्तकं त्या विकृतीच्या मथळ्याखालून हलवली. पुस्तकातला मजकूर तोच, लेखक तोच, फक्त पत्ता बदलला. म्हणजे आजारांच्या यादीतून नाव निघायच्या एक वर्ष आधी कपाटातून ते निघालं होतं. द्युईतही पुढे बदल होत गेले, आज ३०६.७६ हा लैंगिक कलाचा, म्हणजे कुणाला कुणाबद्दल ओढ वाटते त्या विषयाचा नंबर समाजशास्त्रात, कुटुंब आणि नातेसंबंधांच्या जवळ लागतो.

आपल्या लहान वाचनालयात दशांश वगैरे नसतं, कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, आरोग्य असे सरळ कप्पे असतात, आणि चूक इथेही तीच होते. ट्रान्स व्यक्तीचं आत्मचरित्र आलं की कुणीतरी ते आरोग्यात किंवा लैंगिक शिक्षणात टाकतं. ते चरित्राच्या कपाटात, नेत्यांच्या आणि नटांच्या चरित्रांशेजारी अक्षराप्रमाणे लागलं पाहिजे. कादंबरी कादंबऱ्यांत. एवढं करायला एक रुपया लागत नाही, दाखल नोंदवहीतला एक शब्द आणि पाठीवरची एक चिठ्ठी बदलायची.

मराठीत अशी पुस्तकं आहेत तरी का?

आहेत, आणि आजची नाहीत. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१चं, त्यातली नायिका समलिंगी आहे, आणि गंमत म्हणजे हे नाटक तेंडुलकर म्हणून कित्येक वाचनालयांत आधीपासूनच आहे, फक्त कुणी त्या नजरेने बघितलेलं नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची, बहीण-भाऊ दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात अशी गोष्ट. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढली आणि या विषयावर सातत्याने मराठीतच लिहिलं, त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी घरातल्या कुणीही वाचावी इतक्या सरळ भाषेत आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं आहे. ट्रान्स कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या कविता आहेत. पहिल्या खरेदीला एवढं पुरे, आणि हे मराठीतलं आहे ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे कारण इंग्रजीतलं पुस्तक दिलं की आईबाप म्हणतात बघा, हे बाहेरून आलेलं खूळ.

कपाट झालं, आता काउंटर

पुस्तक घेणं त्यातल्या त्यात सोपं आहे. खरी परीक्षा रोजच्या लहान गोष्टींत होते, आणि इथे आम्ही लोकांनी नकळत बरंच नुकसान केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवघेवीचं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं. पुढचा सभासद सही करताना मागच्याने काय नेलं ते आरामात वाचतो. हे बंद झालं पाहिजे, रजिस्टर आपल्या बाजूला ठेवायचं आणि सही घ्यायची तेवढी ओळ दाखवायची. दुसरं, पुस्तक परत आलं नाही की आम्ही घरी फोन करतो आणि जो उचलेल त्याला पुस्तकाचं नाव सांगून मोकळे होतो. हल्ली तर काही ठिकाणी वॉट्सॲप ग्रुपवर सभासदाचं नाव, पुस्तकाचं नाव, दंड अशी यादीच टाकतात. विचार करा, एखाद्या मुलीने 'पार्टनर' नेलंय आणि ते नाव दीडशे जणांच्या ग्रुपवर पडलं. क्वीअर माणसाने कुणाला सांगायचं, कधी सांगायचं हे त्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि ते दुसऱ्याने फोडलं तर मार, घराबाहेर काढणं, जबरदस्तीचं लग्न इथपर्यंत जाऊ शकतं. म्हणून फोनवर एवढंच म्हणायचं, "एक पुस्तक बाकी आहे, जमेल तेव्हा आणून द्या." वडील येऊन म्हणाले माझा पोरगा काय वाचतो ते दाखवा, तर म्हणायचं, "काका, त्यालाच विचारा की, आम्ही कुणाचंच कुणाला सांगत नाही." कुणाचंच नाही, हे महत्त्वाचं. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणावर संशय येत नाही.

मग सभासदत्वाचा फॉर्म. स्त्री आणि पुरुष असे दोन चौकोन. लायब्ररीला सभासदाचं लिंग कशाला हवंय हा प्रश्न आधी स्वतःला विचारा, सरकारी अहवालासाठी आकडा लागत असेल तर तिसरा चौकोन टाका, नाहीतर ती ओळच काढा. नावाचंही तेच, आधारवर जुनं नाव असेल आणि व्यक्ती दुसऱ्या नावाने ओळखली जात असेल तर अनामत पावतीवर कागदपत्राचं नाव लिहा आणि कार्डावर ती सांगेल ते, म्हणजे काउंटरवरून हाक मारताना तेच नाव येईल. लग्नानंतर बायकांची दोन-दोन नावं आपण वर्षानुवर्षं सांभाळतोच आहोत.

आणि अभ्यासिका. बहुतेक ठिकाणी मुलींची खोली वेगळी, मुलांची वेगळी. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी ट्रान्स मुलगी कुठे बसेल? मुलांच्या खोलीत तिला त्रास होणार, मुलींच्या खोलीत कुणीतरी तक्रार करणार. मी एका ठिकाणी बघितलं की तिला "उद्या या" करत करत आठवडाभर फिरवलं, मग ती यायचीच बंद झाली. ती स्वतःला जे म्हणते त्या खोलीत तिची जागा, असा नियम आधीच ठरवून ठेवला तर त्या दिवशी काउंटरवरच्या माणसाला गोंधळायची वेळ येत नाही.

कायद्याने चालतं का?

चालतं. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवायचं, सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ला दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. लग्नाला कायद्याची मान्यता मात्र नाही, ते ऑक्टोबर २०२३च्या निकालात नाकारलं गेलं. लोक या दोन निकालांची गल्लत करतात आणि म्हणतात की कोर्टाने पुन्हा बंद केलं. तसं झालेलं नाही.

२०१८च्या निकालात एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. न्यायमूर्ती नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात केंद्र सरकारला सांगितलं होतं की या निकालाला सार्वजनिक माध्यमांतून मोठी प्रसिद्धी द्या, म्हणजे या लोकांवरचा कलंक कमी होईल. मी तरी आमच्या भागात तशी एकही जाहिरात बघितलेली नाही. वाचनकक्षाच्या फलकावर निकालाचा मराठी सारांश लावणं हे म्हणजे त्याच सूचनेचं काम आहे.

ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९चा कायदा आहे, त्याच्या कलम ३ प्रमाणे लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवा-सुविधा त्यांना नाकारता येत नाहीत. वाचनालय ट्रस्टचं असो की नगरपालिकेचं, सेवा लोकांसाठीच आहे.

अनुदान जाईल, सभासद जातील

कार्यकारी मंडळाची ही खरी भीती असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये, वर्षाचं अनुदान आलं नाही तर आमचा पगार होत नाही. पण महाराष्ट्रात १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली दहा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, त्यांचे अ, ब, क, ड वर्ग ठरतात ते पुस्तकांची संख्या, वर्तमानपत्रं-मासिकं, उघडं ठेवायचे तास अशा गोष्टींवरून. तेंडुलकरांचं नाटक कपाटात आहे म्हणून वर्ग खाली येत नाही. तिकडे शिकागो ज्या राज्यात येतं त्या इलिनॉयने तर जानेवारी २०२४पासून उलटं केलंय, मतं पटत नाहीत म्हणून पुस्तकं काढणार नाही असं धोरण लायब्ररीने लेखी स्वीकारलं तरच राज्याचं अनुदान. तिथल्या आपल्या मराठी लोकांची मुलंही त्याच लायब्ररीत जातात.

विरोध येईल हे धरून चाला आणि तो यायच्या आधी ग्रंथनिवडीचं धोरण ठराव करून लिहून ठेवा. कुणाला पुस्तकाबद्दल हरकत असेल तर लेखी अर्ज द्यावा, अर्जदाराने पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं, मंडळ एका महिन्यात उत्तर देईल, तोपर्यंत पुस्तक कपाटात राहील. हे आधी कागदावर नसेल तर काय होतं, तर एक वजनदार माणूस फोन करतो आणि पुस्तक संध्याकाळपर्यंत गायब होतं, आणि ग्रंथपाल एकटा पडतो.

लहान मुलं येतात हो इथे

येतात, आणि त्यांच्यासाठी बालविभाग वेगळा आहे. मोठ्यांच्या कादंबऱ्या मोठ्यांच्या कपाटात, मग त्यात नायक-नायिका असोत की दोन नायक. स्त्री-पुरुषांच्या शृंगाराचे प्रसंग असलेल्या कादंबऱ्या आपण वर्षानुवर्षं उघड्या कपाटात ठेवतो आणि त्यांच्यासाठी कधी कुलूप आणलं नाही.

वाचून मूल तसं होईल का, हे आईबाप खरोखर घाबरून विचारतात म्हणून शांतपणे उत्तर द्यावं. नाही होत. क्वीअर लोकांनी लहानपणापासून फक्त राजा-राणीच्याच गोष्टी वाचल्यात, सिनेमे तेच बघितलेत, लग्नं तीच बघितलीत. वाचून कल बदलत असता तर त्यांचा बदलला असता.

आम्हाला यातलं काही कळत नाही, चुकलो तर?

मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर २०२१ मध्ये दोन मुलींची केस आली, घरच्यांपासून संरक्षण मागणारी. त्यांनी निकाल देण्याआधी उघडपणे सांगितलं की मला हा विषय नीट समजत नाही, आणि स्वतः मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून समजून घेतलं. मग ७ जूनला जो आदेश दिला त्यात समलिंगी माणसाला "बरं करायचे" उपचार बंद करा असं स्पष्ट सांगितलं. हायकोर्टाचा न्यायाधीश बसू शकतो तर आम्ही चार कर्मचारी एक दुपार बसू शकतो. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून क्वीअर लोकांसाठी काम करतेय, अशा संस्थेतल्या कुणाला तरी बोलवावं, कुणाला काय म्हणून हाक मारायची, कोणता प्रश्न विचारायचा नाही एवढं शिकलं तरी पुष्कळ. दरवर्षीच्या ग्रंथोत्सवात किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला एखाद्या क्वीअर कवीला बोलवा, पण कवी म्हणून बोलवा, कविता वाचायला, दुःख सांगायला नाही.

मागणीच नाही हो

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं, आणि देवघेवीचा आकडा बघितला तर खरंही वाटतं. आमच्याकडे कपाटं खुली केल्यावर पहिले काही महिने या पुस्तकांवर तारखेचे शिक्के जवळजवळ नव्हते. पण संध्याकाळी कपाटं लावताना ती कधीच आपल्या जागेवर नसायची. एक प्रवासवर्णनांच्या मागे आडवं, एक शब्दकोशांच्या खालच्या फळीवर. कुणीतरी तिथेच उभं राहून वाचत होतं आणि उद्या परत सापडावं म्हणून लपवून ठेवत होतं. मी ती जागेवर लावायची बंद केली.

मागच्या पावसाळ्यात दुपारच्या वेळी एक बाई आल्या, नेहमीच्या सभासद, आठवड्याला दोन कादंबऱ्या नेणाऱ्या. बराच वेळ चरित्रांच्या कपाटाशी उभ्या होत्या. मग काउंटरला येऊन हळूच म्हणाल्या, "मुलाने काल काहीतरी सांगितलंय घरी. मला जरा वाचायचंय." काय सांगितलंय ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दोन पुस्तकं त्यांच्या हातात होतीच, त्यांनी स्वतःच शोधली होती. मी नोंद केली, शिक्का मारला. पंधरा दिवसांनी त्या एक परत करून गेल्या आणि दुसरं पुन्हा स्वतःच्या नावावर करून घेतलं, म्हणाल्या, "आता ह्यांचं वाचून चाललंय."